बोळातनं बोट

मी मूळची कोडोलीची. पन्हाळ्याच्या अंगाला मोठं गाव हाय न्हवं, तितली. बाप माझा गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचा, आई लोकांच्या रानात भांगलाय जायची, आन् आमी चौघी बहिणी, मी तिसरी. घरात साधी सायकल नव्हती. मला गाडीघोड्याचं लई भ्या वाटायचं, गावात एसटी शिरली की मी आईच्या पदरामागं जायची, आई म्हणायची, अगं ती काय खाती व्हय तुला. आन् बघा, माझा सगळा जलम कुटं गेला म्हणाल तर ट्रॅक्टरच्या मागं उभं ऱ्हाण्यात गेला. काय सांगू तुमास्नी ताई, असं कसं झालं ते माझं मलाच कळत न्हाय.

लगीन झालं आन् मी ह्या गावात आले. कोल्हापूर हितनं काय लांब न्हाय, लेक माझी शिवाजी पेठेत दिलीया, सकाळी जाऊन दुपारी जेवाय माघारी येता येतंय, पर पंचगंगेला पाणी आलं की आमी हिकडं आन् जग तिकडं. मालक तवा पाटलांचा ट्रॅक्टर चालवायचं. मालक म्हणते मी त्येस्नी, नाव घ्यायची सवय न्हाय, आता तुमी लिवताय म्हणून सांगते, दिनकर. उसाचा शिजन सुरू झाला आन् पहिल्याच साली त्येंचा मागं उभा ऱ्हाणारा गडी काम सोडून गेला. मालक म्हणालं, तू चल. मी म्हणलं, मी काय करू तितं. म्हणालं, काय करायचं न्हाय, मागं उभं ऱ्हायचं आन् किती जागा हाय तेवढं मला सांगायचं, मला मागचं दिसत न्हाय. झालं. तवापासनं मी मागं उभी.

आता तुमास्नी वाटंल त्यात काय एवढं. नुसता ट्रॅक्टर मागं घेणं निराळं आन् ट्रॉली जोडून मागं घेणं निराळं. ट्रॉली उलटी चालती. स्टेरिंग डावीकडं मारलं की ट्रॉलीचं बूड उजवीकडं जातंय, आन् जरा जास्त मारलं की ट्रॅक्टर आन् ट्रॉली अडकित्त्यासारखं मिटतंय, मग म्होरं घ्या, सरळ करा, परत मागं घ्या. त्यात मी त्येंच्याकडं तोंड करून उभी, म्हंजे त्येंचं डावं ते माझं उजवं. पहिलं साल मी नुसता घोळच घातला. मालक वरडायचं, अगं कुणाचं उजवं, तुझं का माझं? मग मी डावं-उजवं सोडूनच दिलं. घराकडं, वड्याकडं, देवळाकडं, असं सांगाय लागले, ते त्येस्नी बरोबर कळायचं. येऊ दे, येऊ दे, वड्याकडं जरा, येऊ दे, बस्स. पुढं पाटलांनी जुना ट्रॅक्टर काढला तो आमीच घेतला, आन् अशी आमची वीस-बावीस वर्सं गेली. गावात लोक म्हणायचं, दिनकरच्या ट्रॅक्टरला आरसा कशाला लागतोय, मालन हाय की.

आन् मग हे झालं. हा डावा हात बघा. अंगठा आन् करंगळी ऱ्हायलीया, मधली तीन गेली. एका बागायतदाराच्या वाड्यात शेणखताची ट्रॉली मागं घ्यायची व्हती, मागं दगडी गडगा, आन् शेजारी लगीन, बेंजो लागल्याला. मी बस्स म्हणलं. परत बस्स म्हणलं. त्येस्नी ऐकाय गेलं न्हाय, आन् मी खुळी, बाजूला व्हायचं सोडून हात लावला, जसं काय माझ्या हातानं ट्रॉली थांबणारच. ट्रॉलीचा मागचा फाळका आन् गडगा, मधी हात. मी काय वरडले मला आठवत न्हाय. बेंजो चालूच व्हता.

दवाखान्यात मालक माझ्या कॉटापाशी खाली बसून व्हतं, वर बघायचं न्हाईत. मी म्हणलं, अवो, चूक माझी हाय. तर उठून बाहेर गेलं. त्यानंतर ते त्यावर कवाच बोललं न्हाईत आन् मी बी काढलं न्हाय. पर ट्रॅक्टर मागं घेणं त्येनी सोडलं ते सोडलंच. नांगरट करायचं, रोटर मारायचं, ऊस वढायचं, आन् मागं घ्यायची वेळ आली की खाली उतरून दुसऱ्याला म्हणायचं, बस जरा. दुसरं कोण नसलं तर दोन किलोमीटर वळसा घालून यायचं पर मागचा गेर टाकायचं न्हाईत. पोरं चेष्टा करायची, दिनकरतात्याच्या ट्रॅक्टरला रिवस गेरच न्हाय म्हणायची. मालक हसायचं बी न्हाईत आन् रागवायचं बी न्हाईत.

आमचं घर तुमी आला तवा बघितलंसा की. रस्त्यापासनं वर चढता बोळ, आठ फुटाचा, एका अंगाला आमची सैपाकखोली आन् दुसऱ्या अंगाला विलासभावजींची दगडी भिंत. विलास म्हंजे मालकांचा चुलतभाऊ. मधी बोळ जरा वाकतोय, आमच्या सैपाकखोलीच्या कोपऱ्यापाशी, आन् मग वर अंगण. अंगणाच्या मागं पाणंदीला जायची वाट व्हती. मालकांनी मागचं कुंपण काढून टाकलं, म्हंजे बोळातनं आत यायचं आन् मागनं पाणंदीनं बाहेर जायचं. मागं घ्यायची वेळच येऊ द्यायची न्हाय. अकरा वर्सं तसंच चाललं.

मग ती बोट आली. मागं मोठं पाणी आलतं त्यात गावाचं लई हाल झालं, जनावरं तर दाव्यालाच गेली, म्हणून पंचायतीनं कोल्हापुरातल्या एका कारखान्यातनं पत्र्याची बोट करून आणली, म्हस चढंल एवढी मोठी, इंजिनवाली. तिच्याखाली लोखंडी चॅनेलचा दोन चाकी ट्रेलर. काय वजन हो त्येचं! वीस माणसं लागली तरी हलायचा न्हाय. ती ठेवायची कुटं, तर आमचं अंगण गावात सगळ्यात उंचावर, आन् वर पत्र्याची शेड. मालक म्हणालं, ठेवा की, मी पुढनं आणतो, लागंल तवा मागनं काढतो. गावातल्या बायका म्हणायच्या, मालनची बोटं गेली आन् दारात बोट आली. मी बी हसायची.

बोट आणली ती मालकांनीच, बोळातनं सरळ वर. आन् मिरगाच्या आधी विलासभावजींनी मागं बांधकाम काढलं. कागदावर ती जागा त्येंचीच, मी खोटं कशाला सांगू. पर एवढी वर्सं वाट व्हती. आमी आठ दिवस लेकीकडं गेलतो, नातवाचं बारसं व्हतं, आन् माघारी येऊन बघतोय तर कमरंएवढी भिंत उठलेली आन् भिंतीच्या पलीकडं संडासाच्या टाकीला दहा फुटाचा खड्डा. मालक म्हणालं, विलास, माझा ट्रॅक्टर आत हाय. विलासभावजी म्हणालं, बोळ हाय की तुला, मागं घे. एवढंच म्हणालं. त्येंच्या मनात काय व्हतं देव जाणे, पर ते मालकांस्नी कुटं लागलं ते मला दिसलं. त्या दिसापासनं दोन्ही घरांचं बोलणं बंद. पंचायतीत मी स्वतः जाऊन इचारलं, पाणी आलं तर बोट कशी काढायची? तर म्हणाले, बघू की वयनी, मागं घेऊन काढायची. पेरण्या झालत्या, पावसाळ्यात ट्रॅक्टर तसा बी उभाच असतोय, आमी बी गप बसलो. दसऱ्याला बघू म्हणलं.

दसरा कुठला. चार दिवस पाऊस उघडला न्हाय, राधानगरी धरणाचं दरवाजं उघडलं आन् नदी पात्राबाहेर पडली. तरी गावाला काय भ्या नव्हतं, पाणी चढाय दीड-दोन दिवस जातात, आमास्नी ठावं असतंय. चुकलं ते वड्यापायी. नदीचा फुगवटा वड्यात शिरला आन् वडा मागनं फिरला. त्या सकाळी विलासभावजींची आई आन् बायको सुनिता वड्यापल्याडच्या मळ्यात गेलत्या, म्हशी सोडून वर आणाय. आठ म्हशी. विलासभावजी डेरीला दूध घालाय गेलतं. दहा वाजता सुनिताचा फोन आला, वाट बुडाली, आमी दोघी मोटरच्या खोलीच्या स्लॅबवर चढलोय, पाणी जिन्याला लागलंय. काकीचं, म्हंजे भावजींच्या आईचं, वय तवा ऐंशीच्या म्होरं.

तालुक्याला फोन केला तर म्हणाले, पथक दुसऱ्या गावात अडकलंय, रस्ता बंद हाय, आमी प्रयत्न करतोय. मग सगळा गाव आमच्या बोळात. आन् त्या गर्दीतनं विलासभावजी वर आलं. दोन महिन्यांनी आमच्या अंगणात पाय ठेवला. अंगावरचं सगळं भिजल्यालं, हातात दुधाची किटली तशीच. मालकांच्या म्होरं उभं ऱ्हायलं. मग विलासभावजी वळलं आन् पहार घेऊन स्वतःची भिंत पाडाय लागलं. दोन घाव घातलं असतील, सरपंचानं हात धरला, म्हणाला, अरं पलीकडं खड्डा हाय, पाण्यानं भरलाय, ट्रॅक्टर जाणार कुटनं? त्येनी पहार टाकून दिली.

म्हंजे एकच वाट. बोट तोंड वर करून उभी, ट्रॅक्टर तिच्या म्होरं, सगळं तसंच मागं मागं, उतारावरनं, बोळातनं खाली आणायचं. दोरखंड लावून हातानं सोडायचं म्हणलं तर उतार एवढा की कुणाच्या हाताला थांबलं नसतं, दोन-चार माणसं चेंगरून सरळ रस्त्यावर.

गावात संभा म्हणून डायवर हाय, हुशार, हायवेला गाड्या चालवल्याल्या. तो बसला. मालकांनी किल्ली दिली आन् बाजूला जाऊन उभं ऱ्हायलं, माझ्याकडं न बघता. संभानं घेतला मागं. पाच-सहा फूट बरं आला आन् बोळाच्या तोंडाला ट्रेलर फिरला, डावं चाक गटारीत. पंधरा माणसं वरडायली, एक म्हणतोय आण, एक म्हणतोय थांब, एक म्हणतोय उजवं मार. म्होरं घेतला, परत मागं, परत गटारीत. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर आन् ट्रेलर असं मिटलं की ट्रॅक्टरचं मागचं चाक बोटीला घासाय लागलं. तेवढ्यात सुनिताचा फोन. विलासभावजींच्या हातात मोबाईल, मोठ्या आवाजावर, सगळ्यांस्नी ऐकाय येतंय. चौथ्या पायरीवर पाणी आलंय म्हणाली. सरपंचानं इचारलं, किती पायऱ्या हायत गं? अकरा. काकी काय करत्यात? म्हशीस्नी हाका मारत्यात.

संभा खाली उतरला. म्हणाला, तात्या, माझ्यानं न्हाय व्हायचं, मला मागचं काय दिसतच न्हाय, बोट लई उंच हाय. पाऊस पत्र्यावर तेवढा वाजत व्हता.

मालक ट्रॅक्टरवर चढलं.

मी त्येस्नी बघत व्हते. त्येनी पहिल्यांदा इंजिन बंद केलं. म्हणालं, बोळातनं सगळी खाली व्हा, एक माणूस बोळात दिसाय नको, आन् एक जण बी वरडायचं न्हाय. लोक गेली खाली रस्त्यावर. मालकांस्नी तसं बी ऐकाय कमी येतंय, तीस वर्सं ट्रॅक्टरचा आवाज, कान गेल्यात. सरपंच म्हणाला, मी मागं थांबतो. मालक म्हणालं, तुमी न्हाय. मी म्होरं झाले, म्हणलं, मी ऱ्हाते मागं.

मालक म्हणालं, न्हाय.

मी म्हणलं, अवो, दुसऱ्या कुणाचं तुमास्नी कळायचं न्हाय.

तर माझ्याकडं बघितलं, सरळ बघितलं, आन् म्हणालं, एकदा झालं ते बास झालं, मालन. खाली उतार हाय, निसटली तर तू सापडशील, मी परत न्हाय करणार ते.

अकरा वर्सांत पहिल्यांदा तोंडातनं काढलं. आन् कवा, तर असं. मला रडाय यावं का राग यावा ते बी कळंना. तिकडं पाणी पायरी पायरी चढतंय. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मागं ऱ्हायचं न्हाय, बाजूला जागा न्हाय, म्होरनं काय दिसत न्हाय. मग ती बोट दिसली. म्हंजे दिसत व्हतीच की, पर तवा दिसली. मी कासोटा घातला, ट्रेलरच्या चाकावर पाय दिला आन् चढले बोटीत. वर उभी ऱ्हायले. तितनं मला दोन्ही अंगाला वाकून चाकं दिसत व्हती, मागचा बोळ दिसत व्हता, आन् मालकांस्नी मी दिसत व्हते, डोक्यापासनं कमरंपतोर. मी म्हणलं, आता मी मागं न्हाय, वर हाय. घ्या.

ते वरडलं, अगं निसटली तर तू बी जाशील तिच्याबरोबर. मी म्हणलं, मग निसटू देऊ नका.

त्येनी इंजिन चालू केलं.

हातानंच सांगायचं ठरलं, तोंडानं काय उपेग नव्हता. उजवा हात केला की घराकडं, डावा केला की विलासभावजींच्या भिंतीकडं, दोन्ही वर केलं की थांब. पहिल्यांदा म्होरं घेऊन सगळं सरळ केलं. मग गेर टाकला, मला तो आवाज ऐकाय आला, कर्रर्र. बोट हलली. एक एक इंच म्हणते मी, एक एक इंच. माझ्या पायाखाली पत्रा थरथरतोय, पावसानं डोळं उघडंना, मी एकदा घराकडं वाकायची, एकदा भिंतीकडं वाकायची, मग मालकांकडं वळून हात. घराकडं. घराकडं. बास. भिंतीकडं जरा. येऊ दे. मी तोंडानं बी म्हणत व्हते, कुणाला ऐकाय जात नव्हतं तरी बी. बोळाच्या तोंडातनं बोट आत शिरली तवा दोन्ही अंगाला चार-चार बोटं जागा. गटारीच्या काठावरनं चाक असं गेलं की माती सुटून खाली पडताना मला दिसली.

निम्म्या बोळात आलो. तितं ते वाकण, सैपाकखोलीचा कोपरा. येताना बोट म्होरं वढल्याली, तवा कशीबशी वळून निघालती, पर मागं येताना ती तशी वळंना. मी हात वर केलं, थांब. म्होरं घेतला दोन फूट, परत मागं. परत अडली. तिसऱ्यांदा बी तेच. घराकडचा ट्रेलरचा कोपरा सैपाकखोलीच्या कोपऱ्याला टेकल्याला, आन् दुसऱ्या अंगाला विलासभावजींच्या भिंतीचा दगड, घडीव, हात रुंद. तो हालणारा नव्हता. वीतभर जागा कमी. नुसती वीतभर.

खालनं विलासभावजी वरडलं, सात! सात पायऱ्या!

मी मालकांकडं बघितलं. त्येनी माझ्याकडं बघितलं. मी सैपाकखोलीकडं हात केला. मालकांनी मान हलवली, न्हाय. ती खोली त्येनी स्वतः बांधल्याली, कच्च्या विटांची, मातीत, माझा हात गेल्यावर, मला वाऱ्यात सैपाक कराय नको म्हणून. मी परत हात केला. न्हाय म्हणालं. मग मी वरडले, आईशप्पत, कवा वरडले नसंन तशी, पाडा म्हणलं, पाडा, भिंत परत व्हईल! ऐकाय गेलं का न्हाय मला ठावं न्हाय. तोंड दिसलं असंल.

त्येनी डोळं मिटलं आन् क्लच सोडला.

पहिल्यांदा नुसती धूळ उडाली, पावसात धूळ, बघा. मग कोपरा आत गेला, आन् वरनं खालपतोर चीर पडली आन् भिंत आतल्या अंगाला बसली. फडताळ गेलं. पिठाचा डबा, कढई, चटणीची बरणी, ताटं सगळी चिखलात, माझ्या डोळ्यादेखत. मी बघितलं आन् तोंड फिरवलं, कारण दुसऱ्या चाकाकडं बघायचं व्हतं. बोट निघाली वाकणातनं.

आन् तितंच ती निसटली. वाकणाच्या खाली उतार आणिक उभा, वर पडक्या विटांचा चिखल, आन् ट्रेलरचं वजन सगळं मागं. मालकांनी बिरेक दाबला, चाकं थांबली पर ट्रॅक्टर थांबंना, घसराय लागला. मी दोन्ही हात वर केल्यालं, थांब, थांब, आन् ते कुटनं थांबवणार. मी काठ धरून खाली बसले. मला वाटलं झालं. मालकांचं तोंड तेवढं दिसलं मला. ते तोंड मी दवाखान्यात बघितलं नव्हतं, त्येनी वर केलंच नव्हतं. आता बघितलं.

विलासभावजी बोळात शिरलं. मालकांनी सगळ्यांस्नी खाली थांबा म्हणल्यालं, तरी शिरलं. त्येंच्या बांधकामाची सिमेंटची पोती प्लास्टिकखाली भिंतीला लावून ठेवल्याली, त्यातलं एक वढलं आन् ट्रेलरच्या चाकाखाली सारलं. चाक त्यावर चढलं, पोतं फुटलं, चाक पुढं. दुसरं वढलं. एकटा माणूस, पन्नास किलोचं पोतं, मागनं लोखंड येतंय. दुसऱ्यावर चाक दबलं, जरा अडलं. तेवढ्यात संभा धावला, दोघांनी मिळून तिसरं आन् चौथं दोन्ही चाकांखाली घातलं, आन् ट्रॅक्टर थांबला. विलासभावजींची पाठ भिंतीला आन् पोटाजवळ चाक. एवढी जागा. मी वरनं बघत व्हते. आमी दोघांनीच असं एकमेकाकडं बघितलं. ते म्हणालं, वयनी, म्होरं घ्याय सांगा वाईच.

मग एक पोतं काढायचं, हातभर सोडायचं, परत पोतं लावायचं, असं करत रस्त्यावर आणली. रस्त्यावरनं पाणी लांब नव्हतं, शाळेच्या फाटकाला लागलतं. मालकांनी तसंच मागं मागं, सरळ, एक बोट हिकडं न्हाय का तिकडं न्हाय, ट्रेलर पाण्यात घातला आन् बोट तरंगली. मला कुणीतरी हात देऊन उतरवलं. संभा, विलासभावजी आन् दोन पोहणारी माणसं घेऊन बोट गेली.

मी माघारी वळले तर मालक ट्रॅक्टरवरच बसून. मी म्हणलं, उतरा की आता. म्हणालं, उतराय येईना, पाय लुळं पडल्यात. मग मी आन् सरपंचानं धरून उतरवलं, शाळेच्या कट्ट्यावर बसवलं. मी पदरानं तोंड पुसलं त्येंचं. चार माणसं बघत व्हती, बघू देत.

पाऊण तास गेला असंल. काय पाऊण तास व्हता तो. मग इंजिनचा आवाज आला. सुनिता उतरली ती माझ्या गळ्यातच पडली. नवव्या पायरीवर पाणी व्हतं म्हणाली. आन् काकीस्नी विलासभावजींनी पोटाशी धरून आणलं, गारठून काळी-निळी पडल्याली म्हातारी, डोळं उघडलं आन् पहिलं काय इचारलं, तर माझ्या म्हशी कुटं हायत? बोट परत गेली. दोन खेपा झाल्या. आठातल्या पाच आणल्या. तीन गेल्या.

त्या पाण्यात त्या बोटीनं पलीकडच्या वस्तीची बी माणसं काढली, तीन दिवस फिरत व्हती. त्या तीन दिसांत आमी शाळेत भात खाल्ला, सैपाकखोलीच नव्हती की.

पाणी उतरल्यावर विलासभावजी गवंडी घेऊन आलं. म्हणालं, भिंत मी बांधणार, कुणी काय बोलायचं न्हाय. मालक म्हणालं, बांध, पर कोपरा आत घे, दोन फूट, बोळ रुंद व्हऊ दे. तशी बांधली. मागची वाट काय त्येनी दिली न्हाय, तितं आता खोली झालीया, आन् आमी बी मागितली न्हाय. बोलणं सुरू झालंय. सणाला ताट जातं, येतं. बोट आता तोंड रस्त्याकडं करून ठेवलीया, मालकांनीच मागं घेऊन वर लावली. मी म्हणलं, मी ऱ्हाऊ का उभी, तर म्हणालं, ऱ्हा, पर मला दिसशील अशी. आता त्येंचं गुडघं दुखत्यात, ट्रॅक्टर किती दिवस जमंल सांगता येत न्हाय. संभाला देऊन टाकूया म्हणत्यात. देऊ देत.

आन् काकी हाईत अजून. आता त्येंच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाय, पाण्याचं तर सगळंच इसरल्यात, म्हशी तेवढ्या आठवत्यात. रोज सकाळी काठी टेकत बोळातनं येत्यात, माझ्या चुलीपाशी पाय पसरून बसत्यात. खोली झाल्याली एवढीशी, त्या बसल्या की मला हालाय येत न्हाय, भाकरी थापायची तर परात मांडीवर घ्यावी लागती. आन् रोज म्हणत्यात, काय गं मालन, एवढीशी खोली कुणी बांधली तुला, हात फिरवाय जागा न्हाय, जरा मोठी न्हाय का बांधायची? सुनिता ऐकती आन् तोंड फिरवती. मी म्हणते, व्हय की हो काकी, चुकलंच. आन् गरम भाकरी त्येंच्या ताटात टाकते. खाऊ देत म्हातारीला आणिक चार वर्सं. तुमी बी आता हात धुवा ताई, दुसरी झालीच बघा.